‘विंगस्पॅन’मध्ये २६ खेळी कशा वापराव्यात

एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी रचलेल्या आणि २०१९ साली बाजारात आलेल्या ‘विंगस्पॅन’ या, फलकावर पक्षी मांडून गुण मिळवण्याच्या खेळात १७० पक्षीपत्ते आणि ५ फासे असले, तरी खरी टंचाई असते ती खेळींची. चार फेऱ्यांत अनुक्रमे ८, ७, ६ आणि ५ अशा एकूण २६ खेळी मिळतात. त्यामुळे आरंभीची प्रत्येक खेळी पुढच्या खेळींना बळ देणारी हवी.

सुरुवातीच्या ५ पत्त्यांपैकी जितके ठेवावेत, तितके अन्न परत द्यावे लागते. म्हणून पत्त्यावरचे गुण न पाहता, उरलेल्या अन्नात लगेच पोसता येतील असे दोन-तीन पक्षी ठेवावेत. तपकिरी पट्टीची शक्ती असलेले पक्षी पहिल्या फेरीतच मांडावेत, कारण पक्षी ज्या अधिवासात, म्हणजे फलकावरच्या जंगल, गवताळ प्रदेश किंवा पाणथळ यांपैकी ज्या ओळीत असेल, तिची क्रिया निवडताच ती शक्ती दर वेळी चालते. शेवटच्या फेरीत मांडलेल्या अशा पक्ष्याला जेमतेम एक-दोन संधी मिळतात. पहिल्या फेरीच्या उद्दिष्टामागे (फेरीअखेर ज्यात पुढे असल्यास जादा गुण मिळतात, त्या लक्ष्यामागे) मात्र फार धावू नये, असे माझे ठाम मत आहे. उद्दिष्टफलकाच्या हिरव्या बाजूवर तिथे पहिल्या क्रमांकाला ४ गुण आहेत, तर चौथ्या फेरीत ७.

अन्न मिळवून देणाऱ्या फाशांचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक फाशाच्या सहा बाजूंपैकी दोन बाजूंवर कीटक मिळू शकतो, दाण्याचेही तसेच, कारण एक बाजू दोघांची सामाईक आहे. मासा, उंदीर आणि फळ यांची एकेकच बाजू असते. पाचही फासे टाकल्यावर निदान एक कीटक मिळण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के, तर मासा मिळण्याची सुमारे ६० टक्के असते. म्हणून मासा किंवा उंदीर समोर दिसताच, आज गरज नसली तरी, उचलून ठेवणे शहाणपणाचे. अगदीच अडले तर कोणतेही दोन अन्नघटक देऊन हव्या त्या एकाचे काम भागवता येते. दाणापात्रात, म्हणजे फासे ज्यात टाकतात त्या पात्रात, उरलेले सर्व फासे एकाच प्रकारचे असतील, तर अन्न घेण्याआधी पाचही फासे पुन्हा टाकता येतात, हे अनेकजण विसरतात. काही शिकारी पक्षी दाणापात्राबाहेरचेच फासे टाकून भक्ष्य शोधतात. बाहेर दोन फासे असताना त्यांना हवी ती एक बाजू मिळण्याची शक्यता ३१ टक्के, तर चार असताना ५२ टक्के होते. तेव्हा पात्र रिकामे होत आले की त्यांचा अधिवास निवडावा.

अखेरच्या फेरीत गवताळ प्रदेश, म्हणजे अंडी मिळवून देणारा अधिवास, भरवशाचा ठरतो. तिथे चार पक्षी असतील, तर एका खेळीत ४ अंडी, म्हणजेच ४ गुण मिळतात. याउलट, पाच गुणांचा पक्षी चौथ्या किंवा पाचव्या घरात मांडताना २ अंडी खर्ची पडतात आणि हाती निव्वळ ३ गुण राहतात. मात्र प्रत्येक घरट्याची क्षमता मर्यादित असते. म्हणून अधिक अंडी मावणारे पक्षी तिसऱ्या फेरी अखेरपर्यंत मांडून ठेवावेत.