ब्रिटनमध्ये घर घेताना छतावरील सौर पॅनेलचे पैसे आपल्या नावावर कसे करून घ्यावेत

ब्रिटनमध्ये वापरातले घर विकत घेताना छतावर सौर पॅनेल दिसले, की बहुतेक खरेदीदार विजेचे बिल कमी येईल एवढाच हिशेब करतात. पॅनेल कधी बसवले, ते कोणाच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्यापोटी दर तिमाहीला कोणाच्या खात्यात पैसे जमा होतात, हे प्रश्न व्यवहार जवळजवळ पूर्ण होईपर्यंत कोणी विचारत नाही. विक्रेत्याच्या मालकीचे पॅनेल सर्वसाधारणपणे घराबरोबरच खरेदीदाराकडे येतात. त्यांच्या उत्पन्नाची नोंदणी मात्र वीज कंपनीकडे विक्रेत्याच्या नावावर असते आणि घर विकल्याने ती आपोआप बदलत नाही. ती बदलून घेण्याचे काम खरेदीदाराचे आहे, आणि ते विक्रेता घर सोडण्यापूर्वी सुरू करणे सर्वांत सोपे असते.

येथे ज्या पैशांबद्दल बोलायचे आहे ते मुख्यतः ‘फीड-इन टॅरिफ’ या योजनेतील आहेत. ही योजना इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०१० रोजी सुरू झाली आणि मार्च २०१९ च्या अखेरीस नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. उत्तर आयर्लंडला ती लागू नव्हती. जे आधीच योजनेत आहेत त्यांना ठरलेल्या मुदतीपर्यंत पैसे मिळत राहतात. महाराष्ट्रात छतावरील सौर यंत्रणा ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या मनात नेट मीटरिंगचे चित्र असते, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट महावितरणच्या बिलातून वजा होतात. फीड-इन टॅरिफची रचना निराळी आहे. पॅनेलने तयार केलेल्या प्रत्येक युनिटसाठी पैसे मिळतात, मग ती वीज घरातच वापरलेली असो. त्याखेरीज ग्रिडला गेलेल्या विजेचे वेगळे पैसे मिळतात, आणि घरगुती यंत्रणांमध्ये निर्यातीचे स्वतंत्र मोजमाप नसेल तर निम्मी वीज ग्रिडला गेली असे धरून ते दिले जातात.

या उत्पन्नाचे मोल पॅनेल कधी बसवले यावर इतके अवलंबून असते, की शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांत फार मोठा फरक पडू शकतो. चार किलोवॅटपर्यंतच्या, आधीपासून उभ्या असलेल्या घरावर बसवलेल्या यंत्रणेला २०११ च्या शरद ऋतूत युनिटमागे ४३.३ पेन्स हा दर होता. ३ मार्च २०१२ पासून पात्र ठरलेल्या यंत्रणांसाठी तो २१ पेन्सवर आणला गेला, आणि पुढे तो आणखी खाली गेला. यंत्रणेला एकदा मिळालेला दर तिच्या मुदतभर कायम राहतो आणि दरवर्षी एप्रिलमध्ये महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढवला जातो. त्यामुळे ४३.३ पेन्सवाल्या यंत्रणांचा दर २०२४-२५ मध्ये ७० पेन्सच्या पुढे गेलेला होता. दक्षिण इंग्लंडमधील चांगल्या दिशेच्या छतावर अशी यंत्रणा वर्षाला सुमारे ३,४०० युनिट तयार करते असे धरले, तर केवळ निर्मितीचे वर्षाला २,३०० पौंडांहून अधिक होतात. मुदतही तारखेवर ठरते. १ ऑगस्ट २०१२ पूर्वी पात्र ठरलेल्या सौर यंत्रणांना २५ वर्षे आणि त्यानंतरच्यांना २० वर्षे पैसे मिळतात. म्हणून घराची बोली लावण्यापूर्वीच एजंटमार्फत पॅनेलची तारीख आणि दर विचारावा. विक्रेता पॅनेलमुळे जास्त किंमत मागत असेल, तर ती किंमत रास्त आहे की नाही हे या दोन आकड्यांशिवाय ठरवताच येत नाही.

पॅनेल नक्की कोणाचे आहेत

माझ्या मते संपूर्ण व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण याच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रेता टीए६ हा मालमत्तेच्या माहितीचा फॉर्म भरून देतो. त्यात सौर पॅनेल कोणत्या वर्षी बसवले, ते पूर्णपणे विक्रेत्याच्या मालकीचे आहेत काय आणि छताचा किंवा छतावरील अवकाशाचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा पॅनेल कंपनीला दिला आहे काय, असे स्पष्ट प्रश्न असतात. स्कॉटलंडमध्ये हा फॉर्म नसतो; तेथे होम रिपोर्टमधील (विक्रेत्याने घराबद्दल द्यायच्या अहवालातील) मालमत्तेची प्रश्नावली पाहावी आणि उरलेले प्रश्न सॉलिसिटरमार्फत, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलामार्फत, विचारावेत. उत्तर मोघम असेल, किंवा ‘माहिती नाही’ असे लिहिले असेल, तर तेथे थांबून पुन्हा विचारावे.

पॅनेल विक्रेत्याने स्वतःच्या पैशाने घेतले असतील तर प्रकरण सरळ असते. गुंतागुंत होते ती ‘फुकट सौर’ प्रकारच्या यंत्रणांमध्ये. योजनेच्या पहिल्या वर्षांत अनेक कंपन्यांनी घरमालकाकडून काहीही न घेता पॅनेल बसवून दिले आणि त्याबदल्यात छताचा, बहुधा २५ वर्षांचा, भाडेपट्टा लिहून घेतला. अशा घरात दिवसा तयार होणारी वीज राहणाऱ्याला फुकट वापरता येते, परंतु फीड-इन टॅरिफचे सर्व पैसे कंपनीला जातात आणि मालक बदलला तरी कंपनीलाच जात राहतात. येथे खरेदीदाराकडे पैसे वर्ग होत नाहीत. वर्ग होतात ती भाडेपट्ट्यातील बंधने. छताची दुरुस्ती करायची झाल्यास पॅनेल कोणी काढायचे, त्या काळात बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई कोणी करायची, माळ्यावर खोली काढता येईल काय, मुदत संपल्यावर पॅनेल कोणाचे, ही कलमे सॉलिसिटरकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सात वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, नोंदवावा लागतो, त्यामुळे विक्रेत्याने सांगितले नाही तरी मालकीच्या नोंदींत तो सापडायला हवा. मॉर्गेज देणाऱ्या बँकेलाही हा भाडेपट्टा दाखवावा लागतो. काही भाडेपट्टे बँकेच्या अटींत बसत नाहीत आणि मग कंपनीकडून दुरुस्तीपत्र मिळवण्यात बराच वेळ जातो, म्हणून हा विषय बँकेसमोर पहिल्याच टप्प्यावर ठेवावा.

आणखी एक प्रकार विचारून घ्यावा. काही घरमालकांनी पॅनेल स्वतः घेतले, पण भविष्यातील टॅरिफचा हक्क एकरकमी पैसे घेऊन गुंतवणूकदार कंपनीला देऊन टाकला. अशा वेळी विक्रेता प्रामाणिकपणे ‘पॅनेल माझेच’ म्हणतो आणि उत्पन्न मात्र दुसऱ्याचे असते. त्यामुळे ‘पॅनेल कोणाचे?’ आणि ‘पैसे सध्या कोणाच्या खात्यात जातात?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे लिहून विचारावेत.

पॅनेलवर कर्ज असेल तर त्याचे स्वरूपही पाहावे. विक्रेत्याचे साधे वैयक्तिक कर्ज त्याच्याकडेच राहते आणि घरावर बोजा असलेले कर्ज विक्रीच्या पैशांतून फेडून तो बोजा उतरवला जातो. मात्र यंत्रणा हप्त्यांच्या करारावर घेतली असेल तर शेवटचा हप्ता जाईपर्यंत तिची मालकी वित्त कंपनीकडे असू शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रीन डील’ योजनेचे कर्ज तर व्यक्तीला चिकटलेले नसून घराच्या वीजजोडणीला चिकटलेले असते. त्याचे हप्ते विजेच्या बिलातून कापले जातात आणि घर विकल्यावर ते नव्या बिलधारकाने भरायचे असतात. विक्रेत्याने हे आधी सांगणे आणि खरेदीदाराकडून त्याची लेखी पोच घेणे बंधनकारक आहे. असे कर्ज आढळल्यास उरलेली रक्कम विक्रेत्याने फेडून द्यावी किंवा तेवढी किंमत कमी करावी, अशी मागणी करण्यात काहीही गैर नाही.

कागदपत्रे आणि करारातील शब्द

मालकीचा प्रश्न सुटल्यावर सॉलिसिटरला सांगून विक्रेत्याकडून पुढील कागद मागवावेत: एमसीएस प्रमाणपत्र (यंत्रणा मान्य दर्जाप्रमाणे बसवल्याचा दाखला), वीज कंपनीने दिलेले टॅरिफच्या अटींचे पत्र, योजनेचा ओळख क्रमांक, अलीकडच्या काही तिमाहींच्या रकमांची पत्रके, विद्युत जोडणीचे प्रमाणपत्र, वितरण जाळ्याच्या कंपनीला यंत्रणेची सूचना दिल्याचा पुरावा आणि इन्व्हर्टरची हमी. यांतील अटींचे पत्र सर्वांत मोलाचे आहे, कारण दर, पात्रतेची तारीख आणि मुदतीचा शेवट त्यावर लिहिलेला असतो. पत्रकांवरून प्रत्यक्ष उत्पादन कळते आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. नंतर पॅनेल वाढवले असतील किंवा निर्मितीचा मीटर बदलला असेल, तर ते टॅरिफ देणाऱ्या कंपनीला कळवले होते काय हेही विचारावे. नोंदीशी न जुळणारी यंत्रणा तपासणीत सापडली तर पैसे अडकतात आणि तोपर्यंत मालक आपण झालेले असतो.

पैसे देणारी कंपनी आणि घराला वीज पुरवणारी कंपनी एकच असेल असे गृहीत धरू नये. या दोन गोष्टी स्वतंत्र असून कित्येक घरमालक वीजपुरवठा बदलत राहतात, पण टॅरिफची नोंदणी पहिल्याच कंपनीकडे ठेवतात. आपला अर्ज टॅरिफ देणाऱ्या कंपनीकडे जायला हवा.

त्यानंतर करारात एक स्पष्ट कलम घालून घ्यावे. यंत्रणा, तिची मालकी आणि कम्प्लीशनच्या (पैसे चुकते होऊन घराचा ताबा मिळण्याच्या) दिवसापासून पुढचे टॅरिफचे सर्व हक्क खरेदीदाराकडे जातात आणि नाव बदलण्यासाठी लागणाऱ्या फॉर्मवर विक्रेता सही करून देईल, एवढे त्यात असावे. फिटिंग आणि सामानाच्या टीए१० फॉर्ममध्येही पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी घराबरोबर राहणार असल्याची नोंद करून घ्यावी. बॅटरीचा उल्लेख नसला की ती कोणाची यावरून वाद होतो. काही विक्रेते टॅरिफ स्वतःकडे ठेवू पाहतात. आपल्या छतावर दुसऱ्याचे उत्पन्न आणि त्यासोबत मीटर पाहायला येण्याचा त्याचा हक्क पुढील दहा वर्षे मान्य करणे मला कोणत्याही किमतीत शहाणपणाचे वाटत नाही.

कम्प्लीशनच्या दिवशी आणि त्यानंतर

टॅरिफ देणाऱ्या कंपनीचा मालकीबदलाचा फॉर्म कराराची देवाणघेवाण झाल्याबरोबर (म्हणजे करार दोघांवर बंधनकारक होताच) मागवून ठेवावा. त्यावर अनेकदा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांच्या सह्या लागतात, आणि चाव्या दिल्यानंतर विक्रेत्याला गाठणे अवघड होते. कम्प्लीशनच्या दिवशी निर्मितीच्या मीटरचे रीडिंग घ्यावे आणि मीटरचा क्रमांक व आकडे दोन्ही दिसतील असा फोटो काढावा. हा मीटर वीजपुरवठ्याच्या नेहमीच्या मीटरपेक्षा वेगळा असतो. तो फ्यूज बॉक्सजवळ, गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर सापडतो. विक्रेत्याला त्याच आकड्यापर्यंतचे पैसे मिळतात आणि आपली गणना तेथून सुरू होते, म्हणून तो आकडा दोघांनी लेखी मान्य केलेला बरा.

मग भरलेला फॉर्म, मालकीचा पुरावा म्हणून टीआर१ हस्तांतरणपत्राची प्रत किंवा सॉलिसिटरचे पत्र, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील आणि ते रीडिंग, असे सर्व एकत्र पाठवावे व पोच जपून ठेवावी. लँड रजिस्ट्रीतील नाव बदलायला महिनोन्महिने लागू शकतात. तोपर्यंत अर्ज थांबवू नये. विक्रेता सही द्यायला भेटतच नसेल, तर मालकीच्या पुराव्यावर अर्ज स्वीकारावा अशी लेखी विनंती कंपनीला करावी. निर्णय मिळाला नाही तर कंपनीकडे रीतसर तक्रार करून आठ आठवड्यांनंतर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते. मालकी बदलल्याने यंत्रणेचा दर किंवा मुदत बदलत नाही. यानंतर कंपनी मागेल तेव्हा वेळेवर रीडिंग देणे मात्र आपल्याकडे आहे.

पॅनेल एप्रिल २०१९ नंतरचे असतील तर निर्मितीचे पैसे नसतातच. तेथे १ जानेवारी २०२० पासून लागू असलेली ‘स्मार्ट एक्सपोर्ट गॅरंटी’ असते आणि तिच्यात पैसे मिळतात ते केवळ ग्रिडला दिलेल्या विजेचे, पुरवठादाराने ठरवलेल्या दराने. विक्रेत्याचा हा करार आपल्याकडे येत नाही; स्मार्ट मीटर, एमसीएस प्रमाणपत्र आणि निर्यातीचा मीटर-बिंदू क्रमांक घेऊन आपण आपल्या पसंतीच्या पुरवठादाराकडे नवा अर्ज करावा. जुन्या फीड-इन यंत्रणेच्या मालकालाही निर्मितीचे पैसे तसेच ठेवून केवळ निर्यातीपुरते या योजनेत येता येते. घरात बॅटरी नसेल आणि दिवसा कोणी नसेल, तर हा पर्याय हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

स्वतः राहत असलेल्या घरातील, स्वतःच्या वापरापुरत्या यंत्रणेच्या या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. घर भाड्याने द्यायचे असेल तर टॅरिफ मालकालाच मिळतो आणि दिवसाची वीज भाडेकरू वापरतो, परंतु करमाफी तेथे लागू होईलच असे नाही. म्हणून पहिले भाडे घेण्यापूर्वी लेखापालाला टॅरिफचे पत्रक दाखवावे.