शर्यतीनंतरची उजळणी: हाफ मॅरेथॉनचा आणि सरावाचा हिशेब कसा मांडावा

थंडी पडू लागली की मराठवाड्यात शर्यतींचा हंगाम सुरू होतो. शर्यत संपते, पदक गळ्यात घालून फोटो निघतात, पोह्यांच्या रांगेत "टायमिंग काय आलं?" अशी विचारपूस होते आणि चार दिवसांत निम्मे लोक पुढच्या शर्यतीची नोंदणी करून मोकळे होतात. नुकत्याच झालेल्या शर्यतीत जे घडले ते का घडले, याचा शोध मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि घेतलाच तर बूट, पाण्याची टेबले किंवा आयोजक यांच्यापाशी तो थांबतो. हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरच्या शर्यतीत, हौशी धावपटूची गती शेवटच्या सहा-सात किलोमीटरमध्ये ढासळते, तेव्हा तिचे कारण बहुतेक वेळा त्या सकाळी नव्हे, तर आधीच्या १२ आठवड्यांत सापडते, असे माझे मत आहे. ते कारण शोधायला एक वही, अंतर आणि गती मोजणाऱ्या मनगटी घड्याळातले आकडे आणि तोंडावर खरे बोलणारा एखादा सोबती एवढे पुरते.

पहिली नोंद शर्यतीच्या दिवशीच, दुपारच्या झोपेआधी आणि मुख्य म्हणजे घड्याळातले आलेख पाहण्याआधी करावी. एकदा आकडे समोर आले की मन त्यांना जुळेल अशी कथा रचू लागते आणि "अकराव्या किलोमीटरलाच श्वास लागला होता" ही खरी आठवण संध्याकाळपर्यंत "शेवटी जरा दमलो" इथवर येऊन पोहोचते. बोलणे अवघड नेमके कोणत्या किलोमीटरला वाटू लागले, थांबावे असा विचार पहिल्यांदा कुठे आला, कुठे चालावे लागले, कोणत्या टेबलावर पाणी घेतले आणि कोणते टाळले, आदल्या रात्री काय खाल्ले व किती झोप झाली, हे सगळे साध्या वाक्यांत लिहावे. आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत बसला असाल तर तेही लिहावे. वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नसते.

आकडे दुसऱ्या दिवशी घ्यावेत आणि त्यातही आधी दोन गैरसमज दूर करावेत. पहिला वेळेचा. प्रमाणपत्रावर अनेकदा दोन वेळा असतात: एक शर्यतीला हिरवा झेंडा दाखवल्यापासूनची आणि दुसरी बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदावरच्या, चिपने सुरुवातीच्या रेषेवरची चटई ओलांडल्यापासूनची. गर्दीत मागे उभ्या असलेल्या धावपटूच्या बाबतीत या दोहोंत दोन-तीन मिनिटांचे अंतर सहज पडते, म्हणून स्वतःच्या प्रगतीचा हिशेब नेहमी चिपच्या वेळेवरच करावा. दुसरा गैरसमज अंतराचा. घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवले की "रूट जास्त होता" अशी ओरड होते. प्रमाणित मार्ग हा वळणांच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेने, मोजमापासाठी तयार केलेल्या सायकलने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. आपण मात्र वळणे बाहेरून घेतो, पाण्यासाठी रस्त्याची बाजू बदलतो, ओळखीच्यांना टाळ्या द्यायला तिरपे धावतो, त्यामुळे अंतर वाढतेच. घड्याळाची स्वतःची चूक वेगळी. मार्ग प्रमाणित नसेल तर एकूण वेळेची मागच्या शर्यतीशी तुलना न करता किलोमीटरमागची गती पाहावी.

यानंतर उजळणीचा गाभा येतो, तो म्हणजे पाच-पाच किलोमीटरचे तुकडे. समजा, जालन्यातील एका शिक्षकांनी २ तास १० मिनिटांचे लक्ष्य ठेवून हाफ मॅरेथॉन धावली आणि त्यांना २ तास २० मिनिटे ३० सेकंद लागले. त्यांचे तुकडे असे: पहिले ५ किलोमीटर ३१ मिनिटांत, दुसरे ३१:२० मध्ये, तिसरे ३३:३० मध्ये, चौथे ३६:३० मध्ये आणि उरलेले सुमारे १.१ किलोमीटर ८:१० मध्ये. पहिल्या दहा किलोमीटरना ६२:२०, तर पुढच्या दहांना बरोबर ७० मिनिटे. असे तुकडे पाहिले की गटातला कोणीतरी "सुरुवातीला जोरात सुटलात" असे सांगणारच. पण २ तास १० मिनिटांसाठी किलोमीटरमागे ६:१० ची (६ मिनिटे १० सेकंदांची) गती लागते आणि सर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ६:१२ ने धावले आहेत, म्हणजे ठरवले त्याप्रमाणेच धावले आहेत. घोटाळा लक्ष्यातच होता.

तो कसा, हे वही सांगते. पावसाळ्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत सरांची सर्वोत्तम वेळ ६२ मिनिटे होती. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेले एक सोपे सूत्र यासाठी वापरता येते: नवे अंतर भागिले जुने अंतर, त्या भागाकाराचा १.०६ हा घात घ्यायचा आणि त्याने जुनी वेळ गुणायची. दहा किलोमीटरवरून हाफ मॅरेथॉनसाठी हा गुणक साधारण २.२१ येतो, म्हणजे ६२ मिनिटांवरून सुमारे २ तास १७ मिनिटे, किलोमीटरमागे ६:२९. तेही लांब पल्ल्याचा सराव पुरेसा झाला आहे असे गृहीत धरून. सर शर्यतीचे पहिले दहा किलोमीटर त्यांच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम दहापेक्षा केवळ वीस सेकंद जास्त घेऊन धावले आणि त्यानंतर त्यांना आणखी अकरा किलोमीटर जायचे होते. २:१० हा आकडा आला कुठून, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच असते: गटातल्या मित्राने मागच्या वर्षी तेवढ्यात पूर्ण केली होती.

आता मार्ग आणि हवा. छत्रपती संभाजीनगरचा जालना रस्ता गाडीतून सपाट वाटतो, पण क्रांती चौक आणि सेव्हन हिल्स इथले उड्डाणपूल पायाखाली आले की त्यांचा चढ कळतो. मार्ग त्यांच्यावरून जात असेल तर त्या किलोमीटरची गती घसरणे हा दोष धरू नये, त्यानंतरच्या सपाट किलोमीटरमध्ये गती परत आली की नाही एवढे पाहावे. हवेचे तसेच आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहा-साडेसहाला सुटलेला धावपटू पहिले टप्पे गारव्यात आणि शेवटचे उन्हात धावतो. ऊन वाढले की अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि तीच गती राखायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. शिवाय आपली हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच उडून जातो आणि फारसा घाम गेलाच नाही असे वाटते. काळ्या टी-शर्टवर पाठीमागे उमटलेली मिठाची पांढरी रेघ मात्र खरे काय ते सांगून जाते.

घामाचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर घेता येतो, आणि पुढच्या लांब धावेला हा प्रयोग जरूर करावा. धावण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करावे, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करावे. ६८ किलोचे ६६.२ झाले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायला असाल, तर सुमारे २.३ लिटर घाम गेला. वजनातली ही १.८ किलोची घट मूळ वजनाच्या अडीच टक्क्यांहून थोडी जास्त आहे, आणि दोन टक्क्यांच्या पुढे गेल्यावर अनेकांची गती मंदावते. याचा अर्थ प्रत्येक टेबलावर पोट फुगेपर्यंत पाणी प्यावे असा नाही. गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावरही बेतू शकते. धावेनंतर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा मीठ घातलेले ताक उत्तम.

आता मागच्या १२ आठवड्यांकडे वळावे. डिसेंबरातल्या शर्यतीचा सराव मराठवाड्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येतो, आणि हा काळ किती खाचखळग्यांचा आहे हे वहीत दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सप्टेंबरात परतीचा पाऊस आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवर बुटांना चिकटणारा चिखल, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी व दुपारचा उकाडा, नवरात्राचे नऊ उपवास, दिवाळीचा फराळ आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई. प्रत्येक आठवड्यासमोर एकूण किलोमीटर, सर्वांत लांब धाव आणि बुडालेले दिवस एवढेच तीन आकडे लिहावेत. नवरात्रात किंवा कोजागिरीला तुळजापूरला पायी गेला असाल तर ते अंतरही लिहावे, कारण पायांच्या दृष्टीने तो मोठा भार असतो आणि त्यानंतरच्या आठवड्यात धाव जड का गेली, याचे उत्तर तिथे मिळते.

सरांच्या बाबतीत वहीने दोन गोष्टी दाखवल्या. त्यांची सर्वांत लांब धाव १६ किलोमीटरची होती आणि ती दोनदाच झाली. बाकीचे रविवार १२ वर थांबले. शर्यतीत गती कोसळली ती पंधराव्या किलोमीटरनंतर, हे ओघाने आलेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती जवळपास प्रत्येक हौशी धावपटूला लागू पडते: त्या दोन्ही लांब धावा ६:१५ च्या गतीने झाल्या होत्या, म्हणजे जवळजवळ शर्यतीच्याच गतीने. लांब धाव शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्या सावकाश व्हायला हवी, कारण तिचा हेतू स्नायूंना आणि हृदयाला दीर्घकाळ काम करायची सवय लावणे हा असतो. दर रविवारी शर्यत लावली की सोमवार ते बुधवार पाय दुखतात, मधल्या धावा बुडतात आणि आठवड्याचे एकूण अंतर वाढतच नाही. विद्यापीठाच्या परिसरात किंवा क्रीडा संकुलावर गटाने धावताना हे फार घडते. पुढचा माणूस गती वाढवतो आणि मागे पडायची कोणाची तयारी नसते. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरमागे २:५२ च्या गतीने पूर्ण केली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण धावणे हेच ज्याचे काम आहे त्याचे वेळापत्रक नोकरी आणि शेती सांभाळून धावणाऱ्याने जसेच्या तसे उचलू नये.

गटाची बैठक शर्यतीनंतर आठवडाभराने घ्यावी, लगेच नको. प्रत्येकाने आपले तुकडे आणि १२ आठवड्यांचे आकडे समोर ठेवावेत आणि इतरांनी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारावेत. "पंधराव्या किलोमीटरआधी काही खाल्ले होते का?" या प्रश्नाने जितके उलगडते तितके "अहो, तुम्ही जेल (धावताना खायची साखरेची घट्ट पाकीटबंद पेस्ट) घ्या" या सल्ल्याने उलगडत नाही. दीड तासापेक्षा जास्त धावताना शरीरातला साखरेचा साठा आटत जातो हे खरे, पण त्यासाठी दोन खजूर किंवा गुळाचा खडाही चालतो. फक्त तो आधी सरावात खाऊन पाहिलेला असावा.

शरीराच्या तक्रारींची नोंद वेगळ्या पानावर करावी. मांड्या व पोटऱ्या दुसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखणे आणि चार-पाच दिवसांत ते ओसरणे स्वाभाविक आहे. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूला बोट लावले की कळ येत असेल, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. धावताना छातीत दुखले, चक्कर येऊन पडला असाल किंवा नंतर लघवी काळपट झाली असेल, तर वही मिटून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एवढे झाल्यावर पुढच्या हंगामासाठी बदल करावेत, पण दोनच. सरांसाठी ते असे ठरले: लांब धाव ७:१५ च्या आसपासच्या गतीने करायची आणि दर तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा ठेवत ती १२ वरून १९ किलोमीटरपर्यंत न्यायची, आणि मंगळवारी चार किलोमीटर ६:२० ने धावायचे, बाकी दिवस सावकाश. नोव्हेंबरात पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो, म्हणून अंधारातली धाव संकुलाच्या आवारातच. लक्ष्याची वेळ सप्टेंबरात लिहायची नाही. शर्यतीच्या तीन आठवडे आधी दहा किलोमीटरची चाचणी धाव घ्यायची, तिची वेळ २.२१ ने गुणायची आणि मग तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर टाकायचा.