सोयाबीनचं कुटार पेटवू नका, त्यावर धिंगरी घ्या

सोयाबीन निघालं की बांधावर कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या काडाचे ढीग लागतात आणि बरेच जण सरळ काडी लावून मोकळे होतात, बघून खरंच जीव तुटतो, कारण त्याच कुटारावर धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम मस्त येतं. काडातला लिग्निन हा टणक घटक जनावराला पचत नाही, ही बुरशी मात्र एन्झाइम सोडून तो फोडते आणि त्यावरच पोसते. गव्हाचं काड, भाताचा पेंढा पण चालतो.

कुटार यंदाचंच घ्या, पावसात भिजून काळं पडलेलं नको. पोत्यात भरून रात्रभर थंड पाण्यात बुडवा, सकाळी 80 अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. इथे कंटाळा केला की बेडवर, म्हणजे काड भरलेल्या पिशवीवर, हिरवी बुरशी आलीच समजा. ती बहुतेक वेळा ट्रायकोडर्माच असते, शेतात रोगाच्या बुरशीला आवरणारा आपला मित्र पण इथे शत्रू, म्हणून ट्रायकोडर्माचं बीजप्रक्रियेचं पाकीट त्या खोलीत ठेवूच नका.

मग काड सावलीत निथळत ठेवा. सगळा खेळ या ओलाव्याचा आहे. मूठभर घेऊन जोरात दाबा, तळहात ओला झाला पाहिजे पण बोटांतून पाणी टपकायला नको. टपकलं तर अजून थांबा, घाई केली तर बेड खालून सडतो आणि आंबूस वास मारतो.

स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं ताजं, पांढरंशुभ्र बघून घ्या, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी (मशरूम) प्रकल्प आहे, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) विचारा. 5 किलो ओल्या काडाला 100 ग्रॅम पुरे. पिशवीत काडाचा थर, कडेने स्पॉन, परत थर, दाबून भरा, तोंड बांधा, बारीक भोकं पाडा. अंधाऱ्या खोलीत 15-20 दिवसांत पिशवी पांढरी होते, मग प्लास्टिक कापून काढा, उजेड आणि खेळती हवा द्या, भिंती-जमिनीवर पाणी मारत राहा. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की 3-4 दिवसांत तोडणी, मशरूमच्या कडा वर वळायच्या आत देठाला पीळ देऊन काढा. एक किलो वाळलेल्या काडामागे सगळे बहर (एकाच बेडवरच्या तोडण्या) मिळून अर्धा-पाऊण किलो ओलं मशरूम धरून चला.

तीन बहरांनंतर बेड हलका होतो, हाताने चुरतो. तो गांडूळखताला उत्तम, फक्त खोलीच्या दारात ढीग लावू नका, माशा तिथेच वाढतात आणि पुढच्या लॉटमध्ये घुसतात.