पीसी जोडायला शिकताय? आधी भिंतीतला प्लग बघा

सोलापुरात राहून स्वतःचा पीसी जोडायचं ठरवलं असेल, तर प्रोसेसर कुठला आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर तुमचा भरपूर अभ्यास झालेला असणार. त्यात मी शिरत नाही. मदरबोर्डाचं सॉकेट प्रोसेसरशी जुळतंय का, बोर्डाला रॅम डीडीआर4 लागते की डीडीआर5, एवढं पक्कं केलं की पार्ट निवडणं जमतं. एकच सांगतो, कार्ड नंतर घ्यायचा विचार असेल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर घेऊ नका, आणि रायझन 5 5600 पण नको. त्यांत डिस्प्ले देणारा भागच नसतो. 5600जी मध्ये असतो.

मी अडकलो ते भलत्याच ठिकाणी, आणि ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

आमचं घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. पीसी पहिल्या फटक्यात चालू झाला, विंडोज पडलं, सगळं ठीक. मग उघड्या पायाने फरशीवर उभं राहून मागे पेन ड्राइव्ह लावताना बोट कॅबिनेटच्या स्क्रूला लागलं आणि हाताला झिणझिण्या आल्या. हेडफोनमध्येही सतत गुणगुण. कितीतरी दिवस मी एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, दोष देत होतो. ज्यांना विचारलं ते म्हणायचे, "थोडा करंट येतोच, चप्पल घालून बस." हे उत्तर तुम्हालाही मिळेल. मान्य करू नका.

करंट येतो कुठून ते समजून घ्या. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, दोन्ही तारांपासून बॉडीला जोडलेले. त्यांतून किंचित गळती होतेच, तशी रचनाच असते. ती गळती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवी. तारच नसेल तर अख्खं कॅबिनेट 230 च्या निम्म्यावर, म्हणजे 110-115 व्होल्टवर लटकत राहतं. करंट अगदी थोडा असल्यामुळे माणूस फेकला जात नाही, नुसता चुणचुणतो. एसएमपीएस चांगला असला तरी हे होणार. त्यामुळे घाबरून तो बदलायला धावू नका, पैसे वाया जातील.

पण म्हणून चालवूनही घेऊ नका. असं लटकलेलं कॅबिनेट एचडीएमआयने टीव्हीला जोडलंत आणि त्या टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तार असेल, तर दोन्हींच्या व्होल्टेजमधला फरक त्या पोर्टातून वाट काढतो. पोर्ट जळतं, आणि ते बहुतेक वेळा महागड्या कार्डाचं असतं. शिवाय उद्या एसएमपीएसच्या आत खरंच शॉर्ट झालं, तर बॉडीवर आलेल्या विजेला जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट नसेल.

तपासायचं कसं? साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, एसीवर ठेवा. प्लगकडे तोंड करून उभं राहिलात की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं आलं तर अर्थिंग आहे असं धरायला हरकत नाही. फेज-अर्थला भलताच आकडा आला तर वरच्या भोकामागे तार नाही किंवा अर्थिंग धड नाही. मीटरच्या पिना धातूच्या भागाला हात न लावता धरायच्या. हे करायची भीती वाटत असेल तर वायरमन बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न्यूट्रल-अर्थ बरोब्बर शून्य आलं तर खूश होऊ नका. मेन स्विच बंद करून भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडायला लावा. आमच्याकडे उघडला तेव्हा आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळ्या वायरचा तुकडा जोडलेला निघाला. आधीच्या कुणीतरी केलेला जुगाड. झिणझिण्या काही प्लगांवर येत होत्या आणि काहींवर नव्हत्या, त्याचं कोडं तिथे सुटलं. मीटरला असा प्लग एकदम उत्तम दिसतो, झिणझिण्याही थांबतात. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, की पूर्ण 230 व्होल्ट थेट कॅबिनेटवर. हा जुगाड "काही होत नाही मालक" म्हणत करून देणारे आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्या हातात पाना-पक्कड देऊ नका, कितीही ओळखीचे असोत.

ज्या वायरमन अण्णांनी तो तुकडा काढला, त्यांनी आधी विजेच्या मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हणून सांगितलं. तो सापडला, पण कोरडा ठणठणीत. उन्हाळ्यात आपल्या गावची माती पार वाळते, आणि वाळलेल्या मातीत अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी सोडत राहायचं, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. तिथून पीसीच्या प्लगपर्यंत हिरवी तार ओढली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवला. त्या खर्चात एक बरी रॅम आली असती. तरी माझं मत ठाम आहे: बजेट आखताना पहिली ओळ अर्थिंगची लिहा, रंगीत दिव्यांचे आरजीबी पंखे नंतर.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाशी बोलणं जड जातं, मला कल्पना आहे. आरसीसीबीचा विषय त्यांच्या जिवाच्या काळजीने काढा, बहुतेक ऐकतात.

बाकीचं झरझर सांगतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो, म्हणजे गेम चालू असताना लाइट गेली तर कार्डवाला पीसी त्यावर टिकेलच असं नाही. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेऊ नका. नवी पेठ असो की पुणे, वॉरंटीला बहुतेक वेळा पक्कं बिल लागतं. यंत्रमागांच्या भागात राहत असाल तर कॅबिनेटच्या जाळीवर सुताची धूळ घोंगडीसारखी बसते, ब्रशने काढत राहा. खोलीत 42 अंश असताना रायझन 5 5600 प्रोसेसरची 90 अंशांची मर्यादा फार लांब नसते.

आणि कुणाला तरी गुरू करायचंच असेल, तर दुरुस्ती करणारा शोधा. विकणाऱ्याला तुमचा पीसी बिलापर्यंतच दिसतो. दुरुस्तीवाला मेलेले बोर्ड रोज बघतो, कशाने मेले तेही त्याला कळतं. त्याच्या टेबलाशी चार संध्याकाळी नुसतं बसलात तरी व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल.

जोडणीला घाबरू नका. बोर्ड आधी त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम एवढ्यावर (प्रोसेसरमध्ये डिस्प्ले देणारा भाग नसेल तर ग्राफिक्स कार्डही लावून) चालू करून बघा. रॅम दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत, बोर्डाच्या पुस्तकात दिलं असेल तिथे, टक्क आवाज येईपर्यंत दाबा. जोर लागतो, बोर्ड किंचित वाकतोही, तेवढं चालतं. कूलरखालचं प्लास्टिक काढलं का ते बघा. डिस्प्ले आला नाही तर बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते किंवा प्रोसेसरची 8 पिनची केबल राहिलेली असते. डीडीआर5 असेल तर पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅम तपासत काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर थांबतो. तेवढा वेळ पॉवर बटणाला हात लावू नका.