साखरेच्या वहीत झोपेचा रकाना

मधुमेह असलेल्या घरात एक वही असतेच. आमच्या घरी ती फ्रिजवर, औषधांच्या डब्याखाली दाबून ठेवलेली असते आणि तिच्यात तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि गोळी असे चार रकाने आईने पट्टीने आखलेले आहेत. तिचा सकाळचा आकडा काही दिवस १२०च्या आसपास असे, तर काही दिवस १५०च्या पुढे जाई. आदल्या रात्री भात जास्त झाला का, कुणाकडे गोड खाल्ले का, गोळी चुकली का, हे सगळे आम्ही वर्षभर विचारत राहिलो. आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पहाटे साडेचारला पाणी येते; त्यासाठी आई चारलाच उठे, आणि आदल्या रात्री ओटा आवरून अंथरुणावर पाठ टेकायला तिला बारा वाजून जात. सहज म्हणून पाण्याच्या दिवसांवर पेन्सिलीने खुणा केल्या, तेव्हा चढे आकडे बहुतेक त्याच दिवसांसमोर निघाले.

एका घरच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु झोप आणि साखर यांचा संबंध प्रयोगशाळेतही तपासला गेला आहे. शिकागो विद्यापीठातील कारीन स्पीगेल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास अंथरुणात राहू दिले होते. त्यानंतर शिरेतून दिलेली साखर त्यांच्या रक्तातून हटण्याचा वेग, भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या वेगापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी मंदावलेला आढळला. त्याच विद्यापीठात २००८ साली झालेला दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात झोपेचे तास कमी केले नव्हते. गाढ झोप लागली की माणूस जागा होणार नाही इतपत आवाज करून ती फक्त उथळ केली जात होती. तीन रात्रींत इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाला, शरीराकडून मिळणारा प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घटला. म्हणून ‘मी आठ तास झोपतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती झोप किती वेळा मोडते हेही पाहावे.

याचे कारण असे की अपुऱ्या झोपेला शरीर ताण समजते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक संध्याकाळी उतरायला हवे ते चढे राहते, यकृत जास्त साखर रक्तात सोडते आणि स्नायू इन्शुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते, आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. झोप हे मधुमेहाचे एकमेव कारण मुळीच नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर आणि बैठे काम यांचा वाटा मोठा आहे. तरीही उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्के या टप्प्यात, म्हणजे पूर्वमधुमेहात, असलेल्यांनी झोपेकडे आजच लक्ष द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत, आणि मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले.

सुरुवात वहीत पाचवा रकाना आखून करावी. रात्रीचे जेवण किती वाजता झाले, दिवा किती वाजता मालवला, मध्ये किती वेळा आणि कशासाठी उठावे लागले, सकाळी जाग किती वाजता आली, एवढेच त्यात लिहावे. रात्री उठून घड्याळ पाहण्याची गरज नाही, कारण त्यानेच झोप उडते. सकाळी अंदाजाने लिहिलेले पुरते. पहिले दोन आठवडे कोणतीही सवय बदलू नये, फक्त नोंद ठेवावी. ग्लुकोमीटरची तपासणी उठल्यावर रोज साधारण त्याच वेळी, साबणाने हात धुऊन आणि कोरडे करून करावी. चांगल्या यंत्राचा आकडाही खऱ्या साखरेपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे एका सकाळी दहा अंक वाढले म्हणून हवालदिल होऊ नये. दोन आठवड्यांनंतर सहा तासांपेक्षा कमी झोपेच्या रात्री एका बाजूला आणि सात तासांपेक्षा जास्त झोपेच्या रात्री दुसऱ्या बाजूला काढून दोन्हींच्या सकाळच्या आकड्यांची सरासरी काढावी. फरक ठळक असेल, तर तो डोळ्यांना दिसतोच.

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती वाढवताना आधी उठण्याची वेळ पक्की करावी आणि झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी; एकदम दोन तास आधी आडवे झाल्यास नुसते कूस बदलत राहावे लागते. आठवडाभराचे जागरण रविवारी उशिरापर्यंत झोपून भरून निघते हा समज सोडावा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१९ साली झालेल्या प्रयोगात सुट्टीच्या दिवशी पोटभर झोपूनही, पुन्हा अपुरी झोप सुरू झाल्यावर, इन्शुलिनचा प्रतिसाद घटलेलाच आढळला. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत ठेवावी.

आमच्या घरी मात्र प्रश्न आईच्या शिस्तीचा नव्हताच. ती पाण्यासाठी उठत होती, कारण दुसरे कुणी उठत नव्हते. आता पाण्याची पाळी आम्ही भावंडांनी वाटून घेतली आहे, जेवणे झाल्यावर ओटा सगळे मिळून आवरतात आणि साडेदहाला तिच्या खोलीतला दिवा मालवलेला असतो. घरातील बाईची झोप ही तिची एकटीची जबाबदारी नाही, ती साऱ्या घराची आहे, हे मला येथे कळकळीने सांगावेसे वाटते. कितीतरी वह्यांतले चढे आकडे सर्वांच्या शेवटी झोपून सर्वांच्या आधी उठणाऱ्या बायकांचे आहेत.

त्यानंतर रात्रीच्या जेवणाची वेळ पाहावी. अंधार पडला की झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, आणि त्या वेळी स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी स्रवते. स्पेनमध्ये ८४५ प्रौढांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेआधी चार तास आणि झोपेआधी एक तास अशा दोन्ही वेळी तेच पेय देऊन पाहिले, तेव्हा उशिराच्या वेळी साखर अधिक चढली. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. ज्यांना घरी पोहोचायलाच नऊ वाजतात त्यांनी सातच्या सुमारास डब्यातली भाकरी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी वाटीभर वरण किंवा ताक, कोशिंबीर यांवर थांबावे. जेवणानंतरची शतपावली मनावर घ्यावी; दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर खरोखरच कमी चढते. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा, कारण त्यातील कॅफीन निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. दिवाणखान्यात टीव्ही आणि दिवा चालू ठेवून झोपी जाण्याची सवयही मोडावी. शिकागोतील २०२२ सालच्या एका प्रयोगात अशा मध्यम उजेडात केवळ एक रात्र झोपलेल्या निरोगी तरुणांची इन्शुलिनला दाद दुसऱ्या सकाळी कमी झालेली दिसली.

वेळा सांभाळूनही सकाळचा आकडा हटत नसेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर घोरण्याची चौकशी करावी. ही माहिती स्वतःला नसते, शेजारी झोपणाऱ्याला असते. घोरणे मध्येच थांबते, काही सेकंद श्वासच ऐकू येत नाही आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेऊन माणूस कूस बदलतो, असे होत असल्यास तो झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. रात्रीतून अनेकदा रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू झोपलेल्याला किंचित जागे करतो आणि गाढ झोप हाती लागतच नाही. सकाळी डोके जड असणे, तोंड कोरडे पडणे, न उतरणारा रक्तदाब आणि ४० सेंटीमीटरपेक्षा जाड मान ही त्याची इतर चिन्हे आहेत. मधुमेही रुग्णांत हा विकार शोधावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ सालीच केली आहे. घोरण्यावर हसणे थांबवावे, फोनवर दोन मिनिटे आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि तो डॉक्टरांना ऐकवावा. निदान रात्रभराच्या निद्रा-तपासणीने होते. झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राने श्वास मोकळा होतो आणि दिवसाची पेंग जाते. साखर मात्र प्रत्येकाची त्याने उतरतेच असे नाही, वजन घटवणेही लागते. मद्य आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांनी हा विकार बळावतो.

रातपाळी करणाऱ्यांनी मध्यरात्रीनंतर भरपेट जेवू नये, खिडकीला जाड काळा पडदा लावावा आणि घरच्यांनी दुपारी त्यांना उठवू नये.

पाचव्या रकान्यात दोन नोंदी वारंवार दिसल्या, तर थांबून विचार करावा. लघवीसाठी तीन-चारदा उठावे लागत असेल, तर साखर १८०च्या पुढे राहून मूत्रावाटे बाहेर पडत असण्याची शक्यता असते. तेथे आधी साखर आटोक्यात यावी लागते, मग झोप सुधारते. दुसरी नोंद अधिक तातडीची आहे. घामाने भिजलेली उशी, वाईट स्वप्ने आणि सकाळची डोकेदुखी ही रात्री साखर फार उतरल्याची लक्षणे असू शकतात, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांत. अशा वेळी पहाटे तीनला एकदा तपासावे. आकडा ७०च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. तीनचा आकडा चांगला आणि सहाचा चढा असेल, तर ती पहाटेच्या संप्रेरकांची करणी असते. हे दोन्ही आकडे वेळेसह लिहून वही डॉक्टरांपुढे ठेवावी आणि रात्रीच्या औषधाची मात्रा व वेळ त्यांनाच ठरवू द्यावी.