गिटारची घरघर बंद, सस्टेन शाबूत

सिडकोतल्या आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत सिंगल कॉइलवाली गिटार (एकाच गुंडाळीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) डिस्टॉर्शनवर (आवाज खरखरीत करणारं पेडल) लावली की हात थांबला रे थांबला की घुंऽऽ सुरू, आपली लाइन 50 हर्ट्झची म्हणून हा हम, म्हणजे ही घुंऽऽ, 50 आणि 100 चा, वर डिस्टॉर्शनची सूंसूं वेगळीच. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल, होता पण रांगेत सगळ्यात शेवटी, कॉम्प्रेसरच्याही नंतर. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो नि बारीक वर उचलतो, म्हणजे नोट आणि हम जवळजवळ एकाच पातळीला, मग गेटला कळणार कसं कुणाला अडवायचं! थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) वाढवला की सस्टेन, म्हणजे नोटची लांबण, कापला जायचा.

माझा गेट बॉसचा एनएस-2, त्यात सेंड-रिटर्न असतं, म्हणजे आवाज दुसऱ्या पेडलांकडे पाठवून परत घ्यायची जोडी. गिटार थेट गेटच्या इनपुटला दिली, कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन सेंड-रिटर्नच्या मधे, आता गेट ऐकतो साधी गिटार नि बंद करतो डिस्टॉर्शननंतरचा आवाज. डिले (प्रतिध्वनीचं पेडल) गेटनंतर, नाहीतर प्रतिध्वनीचं शेपूट तुटतं. थ्रेशोल्ड तारांवर हात ठेवून हम जेमतेम जाईल इतकाच, पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवताना) डिके, म्हणजे गेट बंद व्हायला लागणारा वेळ, कमी, लीडला (सोलोला) जास्त.

कॉम्प्रेसर 4:1 (पातळीवरचे 4 डेसिबल बाहेर 1 होतात), अटॅक, म्हणजे दाबायला लागण्याआधीचा वेळ, 25 मिलिसेकंद ठेवला, पिकची टक्क सुटते आणि मग पकडतो. शून्य अटॅकवाला टोन मला तरी मेलेला वाटतो. वाजवताना नोटखाली थोडा हम राहतोच, त्याला गेट काही करत नाही, हंबकर (हम मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) लावा.