थंडीच्या चुलीचं जळतन फाल्गुनातच

गॅस वाचवायचा असेल तर थंडीची तयारी फाल्गुनात सुरू करा. दिवाळीनंतर कुऱ्हाड शोधली की जळतन विकत घ्यावं लागतं, तेही ओलं. मग वाचलं काय?

आधी किती लागेल त्याचा हिशेब घाला. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ७० ग्रॅम गॅस जातो. चार माणसांच्या चार बादल्या धरल्या तर महिन्याला आठ किलोच्या वर. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरातला अर्ध्याहून जास्त गॅस नुसत्या आंघोळीवर. तेच पाणी बंबात तापवलं तर रोजचं दोन-तीन किलो वाळलेलं लाकूड पुरतं, अडीच महिन्यांचं सव्वादोन क्विंटल. संध्याकाळची चूल आणि शेकोटी धरून मी सहा क्विंटल रचून ठेवते.

आता कोणतं जळतन कशासाठी, ते ठरवा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वावरातून निघाली की लोक धुऱ्यावर (बांधावर) गंजी लावतात आणि ती पावसाळाभर तिथेच राहते. हे करू नका, कळकळीने सांगते. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि नव्या कपाशीवर पुन्हा येते. २०१७ साली आपल्या विदर्भाने काय सोसलं ते आठवा. पऱ्हाटीची बोंडं तोडून जाळा आणि काड्या मृगाच्या आत चुलीत संपवा. थंडीसाठी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, ठेवा. त्या भरकन पेटतात. टिकून जळायला धुऱ्यावरची बाभूळ. हिरवं झाड तोडायचं असेल तर परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. मी वाळलेल्या फांद्यांवरच भागवते. वाघाच्या भागात असाल तर सरपणासाठी एकट्याने जंगलात जाऊच नका.

ओल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. ते पाणी उडवण्यातच आच जाते आणि घरभर धूर होतो. म्हणून मनगटाहून जाड ओंडका उभा चिरा आणि चैत्र-वैशाखाचं ऊन पूर्ण खाऊ द्या. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: टणटण वाजल्या आणि टोकांना भेगा पडलेल्या दिसल्या तर वाळल्या, बद आवाज आला तर अजून नाही. रचताना खाली दगड ठेवा, नाहीतर उधळी (वाळवी) लागते. वरून टिन टाका, पण बाजू मोकळ्या सोडा. एका वर्षी मी चहूकडून ताडपत्री गुंडाळली होती. आत बुरशी धरली आणि पौष महिनाभर डोळे चोळत चूल फुंकली. रास घराच्या भिंतीला लावू नका, विंचू आणि मण्यार तिथेच आसरा घेतात. अंधारात हात घालू नका. बॅटरी लावा, काठीने ठोका.

कार्तिकात चूल लिंपून घ्या. बंबाच्या मधल्या नळीतली काजळी ठोकून काढा, जाळी बघा, तोटी गळते का ते पाणी भरून तपासा. भोकं पडलेली कवेलू (कौलं) बदला आणि खिडकीच्या फटी बुजवा, पण चुलीच्या वरची धुराची वाट कधीच बुजवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आता. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री इंगळाचं, म्हणजे निखाऱ्यांचं, घमेलं खोलीत घेऊन दार लावायचा मोह होतो. आजीच्या काळी ते निभावलं, कारण कवेलूच्या फटींतून वारा खेळायचा. आज घरकुलाची खोली स्लॅबची, दार-खिडकी घट्ट. इंगळातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही आणि तो उठत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. म्हणून झोपायच्या खोलीसाठी जाड गोधड्या आणि तळहातभर जाड तणसाचं (भाताच्या पेंढ्याचं) अंथरूण हीच तयारी ठेवा. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना संध्याकाळी सपरीत (ओसरीत) किंवा दार उघडं ठेवून चुलीजवळ शेकू द्या.

निजायच्या आधी इंगळ अंगणात न्या, कुटारापासून (भुशापासून) लांब, आणि खड्ड्यात राखेखाली दाबा. पहाटे राख उकरली की तुराटी तिथेच पेटते आणि बंबाला काडी लागत नाही.